घरचा चार्जर कुठल्या गाडीला चालतो? एका छोट्या कराराचा इतिहास

आजचा विषय आम्हाला ग्रंथालयात सापडलेला नाही, तो आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये सापडला. झालं असं, की आमच्या पार्किंगमध्ये एका सभासदांनी काही वर्षांपूर्वी विजेच्या गाडीसाठी भिंतीवर चार्जर बसवून घेतला होता. गाडीबरोबर कंपनीकडूनच आलेला. पुढे ते कुटुंब मुलाकडे नाशिकला राहायला गेलं, फ्लॅट विकला गेला, नवे लोक आले. त्यांचीही गाडी विजेचीच, पण दुसऱ्या कंपनीची. झालं! सेक्रेटरी म्हणाले, "चार्जर त्या कंपनीचा, गाडी ह्या कंपनीची. उद्या काही पेटलंबिटलं तर जबाबदार कोण? आधी तो डबा काढा, मग नवीन बसवायचं बघू." नवीन बसवायचं म्हणजे पुन्हा अर्ज, पुन्हा ना-हरकत, पुन्हा खर्च. तोवर ते नवे गृहस्थ रोज रात्री जेवण झालं की गाडी घेऊन बाहेरच्या चार्जिंग स्टेशनवर तास-दीड तास बसून यायचे.

मीटिंगमध्ये एक जण म्हणाले, "अहो, मोबाइलचे चार्जर चालतात की एकमेकांना." दुसऱ्या बाई म्हणाल्या, "माझ्या लॅपटॉपचा नाही चालत." आणि मग सगळे आमच्याकडे बघायला लागले. "सर, तुम्ही सांगा." आता आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, वायरमनचं काम कधी केलं नाही. पण मंडळी, प्रश्न तत्त्वज्ञानाचाही होता बरं का. एक वस्तू दुसरीला 'चालते' म्हणजे नक्की काय होतं? ते वस्तूंच्या स्वभावात असतं, की माणसांनी ठरवलेलं असतं? आणि ठरवलेलं असेल तर कोणी, कधी ठरवलं, आणि त्याची किंमत कोणी मोजली? या प्रश्नांच्या मागे लागून आम्ही जे वाचलं, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

आधी नावाचा घोळ मिटवू. भिंतीवरच्या त्या डब्याला आपण चार्जर म्हणतो, पण तो चार्जर नाहीच. बॅटरीत वीज भरायची तर ती एकाच दिशेने वाहणारी, म्हणजे डीसी लागते. आपल्या घरी येते ती एसी. एसीची डीसी करून बॅटरीला हवी तेवढीच पाजणारं यंत्र म्हणजे खरा चार्जर, आणि तो गाडीच्या पोटात असतो. मग भिंतीवर काय आहे? एक शहाणा स्विच. गाडी नीट जोडली गेली आहे का, हे तो बघतो, किती वीज घेता येईल हे सांगतो, गाडी तयार असेल तेव्हाच वीज सोडतो आणि काही बिघडलं तर तोडतो. एवढंच त्याचं काम. आमच्या सेक्रेटरींची भीती होती, की परका डबा बॅटरीत भलतंच काही भरेल. पण घरच्या एसी डब्याच्या हातात ते नाहीच. भरणारा गाडीतच बसलेला आहे.

पण हे नेहमीच असं नव्हतं, आणि इतिहास सुरू होतो तो इथे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत विजेच्या गाड्या चांगल्या चालत होत्या. तेव्हा गाडीत चार्जर नव्हता, नुसती बॅटरी होती. ज्या घरात एसी वीज होती, तिथे गाडीच्या गॅरेजमध्ये वेगळं यंत्र ठेवावं लागे. पीटर कूपर ह्यूइट या संशोधकाने १९०२ साली पाऱ्याच्या वाफेवर चालणारा रेक्टिफायर शोधला, म्हणजे एसीची डीसी करणारा काचेचा मोठा फुगाच म्हणा ना. असे फुगे गॅरेजमध्ये निळसर उजेड पाडत चालायचे आणि गाडी भरायची. खरा चार्जर तेव्हा भिंतीपाशी होता. तो भिंतीवरून गाडीत कसा गेला, ही आपल्या विषयाची अर्धी कथा आहे.

उरलेली अर्धी कथा कॅलिफोर्नियातली. १९९० साली तिथल्या हवा मंडळाने नियम केला, की मोठ्या कंपन्यांनी विकलेल्या गाड्यांपैकी काही वाटा धूर न सोडणाऱ्या गाड्यांचा असला पाहिजे. कंपन्या कामाला लागल्या. जनरल मोटर्सची ईव्ही१ ही गाडी १९९६ साली रस्त्यावर आली. तिला वीज देण्याची तऱ्हा न्यारीच होती. प्लॅस्टिकचं एक चपटं पॅडल गाडीच्या नाकातल्या खाचेत सरकवायचं. धातूला धातू लागतच नसे. पॅडलमध्ये एक वेटोळं, गाडीत दुसरं, आणि मधून चुंबकीय क्षेत्राने वीज पलीकडे जायची. पावसात भिजा, हात ओले असू द्या, भीती नाही. त्यांचा मुद्दा खोटा नव्हता. फोर्ड आणि होंडा मात्र म्हणाल्या, की साधा धातूच्या स्पर्शाचा प्लग पुरे. तो स्वस्त पडतो, त्यात वीज वाया कमी जाते आणि खरा चार्जर गाडीतच ठेवता येतो.

म्हणजे बघा, एकाच राज्यात, एकाच रस्त्यावर दोन पंथ. पॅडलवाल्याने प्लगवाल्याच्या खांबापाशी गाडी उभी केली तर नुसतं बघत बसायचं. अखेर २००१ साली हवा मंडळाने निर्णय दिला, की यापुढे स्पर्शाचा प्लग हेच मानक. पुढच्या वर्षी जनरल मोटर्सने पॅडलच्या चार्जरमधून अंग काढून घेतलं. ईव्ही१ गाड्या भाडेपट्ट्याने दिलेल्या होत्या, त्या कंपनीने परत घेतल्या आणि बहुतेक मोडीत काढल्या. पण टोयोटाची आरएव्ही४ ईव्ही काही लोकांनी २००२ साली विकत घेतलेली होती, आणि तीही पॅडलचीच. गाडी चांगली, बॅटरी टिकाऊ, पण तिला वीज पाजणारं यंत्र नवं तयार होईना. मग ते लोक जुने पॅडल-चार्जर जपून, दुरुस्त करून वापरत राहिले. मानक ठरलं की आपण टाळ्या वाजवतो. पण मानक ठरतं तेव्हा कोणाच्या तरी गॅरेजमधली चालती वस्तू अनाथ होते, हे विसरू नये.

आता यातली खरी गंमत. २००१ साली जो प्लग जिंकला, तो आयताकृती प्लगसुद्धा टिकला नाही! २०१० च्या जानेवारीत अमेरिकेतल्या वाहन अभियंत्यांच्या संघटनेने, म्हणजे एसएईने, जे १७७२ या मानकात नवा गोल प्लग मान्य केला. जपानच्या याझाकी कंपनीने घडवलेला, पाच पिनांचा. त्यालाच आज टाइप १ म्हणतात. म्हणजे जिंकलेलाही दहा वर्षांत गेला. मग टिकलं काय? टिकली ती प्लगच्या आतली भाषा.

ही भाषा समजून घेऊ, कारण आपल्या प्रश्नाचं उत्तर तिच्यात आहे. प्लगमधल्या जाड पिना वीज वाहतात. शेजारी एक बारीक पिन असते, तिला पायलट म्हणतात. भिंतीवरचा डबा या तारेवर १२ व्होल्टचा इशारा ठेवून वाट बघत असतो. गाडी जोडली की गाडीतला एक छोटा रोधक तो दाब ९ व्होल्टवर आणतो. डब्याला कळतं, पाहुणे आले. मग डबा त्या तारेवर सेकंदाला १००० ठोके द्यायला लागतो. प्रत्येक ठोक्यात इशारा किती वेळ 'वर' राहतो, यावर निरोप ठरतो. साधारण २७ टक्के वेळ वर असेल तर अर्थ असा, की १६ अँपिअरपर्यंत घ्या. ५३ टक्के असेल तर ३२ अँपिअरपर्यंत. गाडी तयार असली की दाब ६ व्होल्टवर आणते, म्हणजे 'वाढा'. तेव्हा कुठे डब्यातला स्विच खाली पडतो आणि जाड पिनांमध्ये वीज येते. तोपर्यंत तुम्ही लावलेला प्लग मेलेला असतो.

संपलं. एवढंच संभाषण. डबा विचारत नाही, तुझी कंपनी कोणती, बॅटरी कसली, किती भरली आहे. गाडी विचारत नाही, तुला बनवलं कोणी, कुठल्या दुकानातून आलास. एकाने फक्त मर्यादा सांगायची, दुसऱ्याने ती पाळायची. बाकी सगळं अज्ञान. आणि मंडळी, हे अज्ञान मुद्दाम राखलेलं आहे. कमी विचारतात म्हणून पुष्कळांशी जमतं. आपल्याकडच्या पंगतीत वाढप्याने पानावर बसलेल्याचं कूळ विचारू नये, किती हवं एवढंच विचारावं, तसं.

आमच्या विषयातला एक जुना वाद इथे आठवतो. शब्द आणि अर्थ यांचं नातं कसलं? मीमांसक म्हणतात, ते नित्य आहे, कोणी जोडलेलं नाही. नैयायिक म्हणतात, ते संकेताने ठरलेलं आहे, या शब्दाने हा अर्थ समजावा असं ठरलं म्हणून समजतो. घरातली गोल पिनांची सॉकेटं बघत वाढलेल्या आपल्याला वाटतं, प्लग असाच असतो. खरं तर ती ब्रिटिश मानकाची देणगी. ब्रिटनने स्वतः १९४७ साली चौकोनी पिनांचं नवं मानक काढून पुढे जुनी पद्धत मागे टाकली, आपण मात्र गोल पिना ठेवल्या. प्लगच्या बाबतीत तरी नैयायिकच बरोबर. जे चालतं ते संकेताने चालतं, आणि संकेत माणसं करतात.

युरोपात हा संकेत करताना भांडण वेगळं होतं. तिथे अनेक देशांत घरोघरी थ्री-फेज वीज. टाइप १ प्लग सिंगल-फेजचा, तो अपुरा. जर्मनीच्या मेनेकेस कंपनीने सात पिनांचा प्लग पुढे आणला, तो टाइप २. फ्रान्स आणि इटलीतल्या कंपन्यांनी टाइप ३ मांडला, कारण तिकडे सॉकेटच्या भोकांवर झडप असावी असा आग्रह होता. लहान मुलाचं बोट जाऊ नये म्हणून. हाही मुद्दा खोटा नव्हता. २०११ साली आंतरराष्ट्रीय मानकात तिन्ही प्रकार घातले गेले, म्हणजे निर्णय पुढे ढकलला गेला. शेवटी २०१४ साली युरोपीय संघाच्या निर्देशाने टाइप २ ठरला, आणि झडपेची सोय त्यात करून घेता येते असं म्हणून फ्रान्सची समजूत पटली. फ्रान्समध्ये बसवलेले टाइप ३ चे सॉकेट मागे पडले. पुन्हा तेच, कोणाचं तरी बसवलेलं निरुपयोगी झालं.

अमेरिकेत टेस्लाने पहिल्यापासून स्वतःचा प्लग ठेवला. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिने त्याचा आराखडा सर्वांना खुला केला. २०२३ च्या मे महिन्यात फोर्ड आणि जूनमध्ये जनरल मोटर्स, दोघींनी तो स्वीकारायचं जाहीर केलं. वर्तमानपत्रांत 'प्लगयुद्ध संपलं' अशा थाटाच्या बातम्या आल्या. पण घरच्या एसी चार्जिंगपुरतं बोलायचं तर युद्ध तिथे फार पूर्वीच संपलेलं होतं. टाइप १, टाइप २ आणि टेस्ला, तिघांचे प्लग वेगळे असले तरी पायलट तारेवरची भाषा एकच. म्हणून मध्ये एक छोटासा जोड, म्हणजे अडॅप्टर, लावला की भागतं. त्या जोडाला काही समजावं लागत नाही, तो फक्त ही पिन त्या पिनेला नेऊन भिडवतो. शरीरं चार झाली तरी बोली एक राहिली.

इथे एक सावधगिरी. हे सगळं घरच्या एसीपुरतं. हायवेवरचे जलद डीसी चार्जर ही वेगळी दुनिया. तिथे खरा चार्जर बाहेर असतो आणि तो सरळ बॅटरीत वीज घालतो. म्हणून त्याला बॅटरीशी बरंच बोलावं लागतं, किती व्होल्ट, किती अँपिअर, आता थांब. तिथे भाषाही वेगळ्या आहेत. जपानची चाडेमो एक, युरोप-अमेरिकेतली सीसीएस दुसरी, चीनची जीबी/टी तिसरी. तिथे नुसता जोड पुरत नाही, दुभाषा लागतो. लोक हायवेवरचा अनुभव घरी आणतात आणि घाबरतात. आमच्या मीटिंगमध्ये तेच झालं होतं.

आता आपल्या देशाकडे वळू. बेंगळुरूची रेवा ही छोटी विजेची गाडी २००१ साली आली, ती घरच्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर चार्ज व्हायची. म्हणजे फ्रिज-गीझरच्या पंगतीला. पुढे २०१७ साली 'भारत' नावाचे दोन चार्जर ठरले, एक एसी, एक डीसी. एसीचा साधारण ३.३ किलोवॉटचा, निळ्या औद्योगिक सॉकेटचा. डीसीचा १५ किलोवॉटचा, कमी व्होल्टच्या गाड्यांसाठी, प्लग चिनी पद्धतीचा. त्या वेळच्या आपल्या गाड्यांना ते साजेसं होतं. त्याच वर्षी पुण्याच्या एआरएआय संस्थेने एआयएस-१३८ हे भारतीय मानक प्रसिद्ध केलं, तेव्हा या विषयाची एक गाठ आपल्या पुण्यातही बांधलेली आहे. पण २०१९-२० मध्ये ह्युंदाईची कोना, टाटांची नेक्सॉन ईव्ही, एमजीची झेडएस ईव्ही अशा जास्त व्होल्टच्या गाड्या आल्या, त्या टाइप २ आणि सीसीएस घेऊनच. डिसेंबर २०१८ च्या सरकारी सूचनांत प्रत्येक सार्वजनिक स्टेशनवर सगळ्या जातींचे चार्जर ठेवा असं म्हटलं होतं. ऑक्टोबर २०१९ मध्ये ते बदलून निवड चालवणाऱ्यावर सोडली. बाजाराने टाइप २ उचलला. आज आपल्याकडच्या विजेच्या मोटारींत घरच्या चार्जिंगसाठी टाइप २ हेच सर्रास दिसतं. स्कूटरवाल्यांचं मात्र वेगळं. त्यांच्यासाठी एथर कंपनीच्या रचनेवर आधारलेलं भारतीय मानक २०२३ साली झालं.

तर मग सोसायटीतल्या त्या डब्याचं काय? आम्ही म्हटलं, आधी प्लग बघा. दोन्हीकडे टाइप २ आहे. म्हणजे भाषा एक, शरीरही एक. चालायला हवा. आता 'चालला नाही' असं लोक म्हणतात तेव्हा बहुतेकदा काय झालेलं असतं, तेही सांगतो. पहिलं, वेग. डबा ७.२ किलोवॉटचा आणि गाडीतला चार्जर ३.३ चा असेल तर ३.३ नेच भरणार. नेक्सॉन ईव्ही मॅक्स २०२२ मध्ये आली तेव्हा गाडीतला चार्जर ३.३ की ७.२, अशी निवडच होती. ३० युनिटची बॅटरी ३.३ ने भरायला नऊ-दहा तास लागणार, त्यात कोणाचा दोष नाही. दुसरं, अर्थिंग. जुन्या इमारतीत अर्थिंग कच्चं असेल तर डबा किंवा गाडी वीज घ्यायला नकार देते. एक गाडी जरा जास्त चोखंदळ असते, दुसरी कमी. मग आपण म्हणतो, ह्या कंपनीला चालतो, त्या कंपनीला नाही. खरं दुखणं जमिनीत असतं. तिसरं, गाडीतच रात्री बाराला चार्जिंग सुरू करायची वेळ लावून ठेवलेली असते आणि आपण नऊ वाजता डब्याला शिव्या देतो. आणि चौथं, कुलूप.

या कुलपावर थोडं थांबू या, कारण पुढचा इतिहास इथे घडणार आहे. आमच्या मीटिंगनंतर इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने अर्थिंग मोजलं, एमसीबी, आरसीसीबी तपासले, सगळं ठीक. प्लग लावला. चार्जिंग सुरू होईना. डब्यावर लाल दिवा. कारण काय? डबा जुन्या मालकांच्या मोबाइलवरच्या ॲपला बांधलेला होता. पिना जुळल्या, भाषा जुळली, पण दारावर तिसऱ्याच माणसाचा पहारा. तो डबा बनवणाऱ्यांच्या मदतकेंद्राने आठ दिवस 'आपली तक्रार नोंदवली आहे' एवढंच सांगितलं. शेवटी नाशिकला फोन लावला, जुन्या मालकांनी ॲपमधून आपलं नाव काढलं, आणि दोन मिनिटांत हिरवा दिवा लागला.

वीस वर्षं भांडून जो करार झाला, की एकमेकांना कमीत कमी विचारायचं, तो हा असा मागच्या दाराने मोडता येतो. म्हणून काही देश सावध झाले आहेत. ब्रिटनमध्ये ३० जून २०२२ पासून घरच्या चार्जरसाठी नियम लागू आहेत. त्यातला एक असा, की ग्राहकाने वीजकंपनी बदलली म्हणून चार्जरची स्मार्ट कामं बंद पडता कामा नयेत. उलट बाजूचं उदाहरण अमेरिकेतलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथल्या एनेल एक्स वे या कंपनीने धंदा गुंडाळला. तिचे ज्यूसबॉक्स नावाचे चार्जर घरोघरी होते. ॲप आणि दूरचे सर्व्हर यांचा भरवसा उरला नाही. पण घरचा डबा गाडीला वीज देत राहू शकत होता, कारण पायलटची ती १००० ठोक्यांची बोली कोणाच्या सर्व्हरवर अवलंबून नाही. ती त्या दोन वस्तूंमध्येच, एका तारेवर आहे. कंपनी गेली, करार राहिला.

म्हणून मंडळी, घरी चार्जर घेताना 'कुठल्या गाडीला चालतो' हा प्रश्न अर्धाच आहे. टाइप २ असेल तर तो आज आपल्याकडच्या बहुतेक मोटारींना चालतो. उरलेला अर्धा प्रश्न दुकानदाराला विचारा. इंटरनेट नसताना, ॲप नसताना, कंपनी नसताना हा डबा वीज देईल का? आणि फ्लॅट विकताना नव्या माणसाच्या नावावर तो कसा करायचा? या दोन प्रश्नांची उत्तरं लेखी घ्या. सोसायट्यांनीही ना-हरकत देताना गाडीची कंपनी विचारू नये. अर्थिंग, वायरची जाडी, मंजूर भार आणि स्वतंत्र मीटर हे विचारावं. जोखीम तिथे आहे.

आमच्याकडे तो डबा आता त्याच भिंतीवर आहे. त्याच्यावर जुन्या कंपनीचं नाव, खाली नव्या कंपनीची गाडी. सेक्रेटरी पहिले चार दिवस रात्री उतरून हात लावून बघायचे, गरम होतोय का. आता बघत नाहीत. ते गृहस्थ मात्र रोज रात्री जेवून घरीच असतात, आणि परवा जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "सर, तो तास-दीड तास परत मिळाला." आम्हाला वाटतं, कॅलिफोर्नियातल्या त्या पॅडलवाल्यांपासून सुरू झालेल्या हिशोबात हीसुद्धा एक नोंद असावी.

आता आपले प्रश्न घेऊ.